रेमिंग्टनचं माहेर

कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्रं बडवणाऱ्या रेमिंग्टन टंकयंत्राचं माहेर बंदुकीच्या कारखान्यात होतं, हे तो खडखडाट ऐकताना कुणाच्या मनातही येत नसे.

न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी रेमिंग्टन कुटुंब रायफली बनवी. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि लष्कराची मागणी आटली. कारागिरांच्या हाताला काम हवं, म्हणून कंपनीने शिवणयंत्रं काढली. 1873 मध्ये क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकयंत्राचं काम घेतलं. ते शिवणयंत्रांच्या विभागातच घडलं, आणि ते लपतही नव्हतं. लोखंडी पायांचं टेबल, अंगावर रंगीत फुलं आणि कागदाचा गाडा परत आणायला चक्क पायडल!

बंदुकवाल्यांना हे जमलं, कारण एका बंदुकीचा सुटा भाग दुसरीत बिनतक्रार बसला पाहिजे ही शिस्त स्प्रिंगफील्डसारख्या सरकारी शस्त्रागारांत सरकारी पैशावर मुरली होती. शिवणयंत्र आणि टंकयंत्र, दोघं त्याच शिस्तीची लेकरं.

दुसऱ्या महायुद्धात ती माहेरी परतली. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने सिंगरला फक्त 500 पिस्तुलं बनवायला दिली. शिवणयंत्रवाल्यांना जमतं का, एवढंच पाहायचं होतं. जमलं, पण इतका बारीक हात पिस्तुलांवर कशाला घालवायचा, म्हणून सिंगरला तोफांचा नेम साधणाऱ्या उपकरणांकडे वळवलं. पिस्तुलं गेली टंकयंत्रवाल्या रेमिंग्टन रँडकडे. टंकयंत्राचा धंदा 1886 मध्येच बंदुकवाल्यांपासून वेगळा झाला होता. उरलं होतं ते नाव. गंमत म्हणजे पहिल्या पिस्तुलांचे सुटे भाग एकमेकांत बसेनात! आजोळची विद्याच विसरली म्हणायची. मग मात्र सिराक्यूजच्या कारखान्याने 1945 पर्यंत साडेआठ लाखांहून अधिक पिस्तुलं काढली, मूळ उत्पादक कोल्टपेक्षाही जास्त.

टंकयंत्रवालेच शस्त्रांच्या कामाला जुंपल्यावर लष्कराच्या कचेऱ्यांना टंकयंत्रं पुरेनात. सरकारला नागरिकांकडे त्यांची वापरातली यंत्रं मागावी लागली.

आपल्याकडची कोर्टाबाहेरची यंत्रं आता बहुतेक भंगारात गेली. संगणकावर मराठी टंकण्याच्या एका कळरचनेचं नाव मात्र अजून ‘रेमिंग्टन’च आहे.