पंचेचाळीस मिनिटांत भज्जी

साल २०१०, ऑक्टोबर. अहमदपूरला तेव्हा भारनियमन इतकं होतं की कुठलीही मालिका सलग बघितल्याचं मला आठवत नाही. त्यात स्टार प्लसवर 'मास्टरशेफ इंडिया'चं पहिलं पर्व सुरू झालं. मी आठवीत होतो आणि परीक्षक होता अक्षय कुमार, म्हणजे विषयच संपला. वीज असेल त्या वीकेंडला आम्ही सगळे टीव्हीसमोर. परीक्षक घास तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे, मागं ढोल वाजायचे, कॅमेरा स्पर्धकाच्या कपाळावरच्या घामावर जायचा... आणि कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आजी म्हणाली, "त्यो खालालाय आन् आपुन त्याच्या तोंडाकडं बघलालाव. खारट हाय का अळणी, आपल्याला काय कळलालंय?"

तेव्हा सगळे हसले. आज वाटतं, या सगळ्या प्रकारातला मूळ बग आजीनं पहिल्या पर्वातच पकडला होता. गाण्याच्या स्पर्धेत गाणं तुम्हाला ऐकू तरी येतं. निकाल पटला नाही तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भांडता येतं. स्वयंपाकाच्या स्पर्धेत ज्या गोष्टीवर निकाल लागतो, नेमकी तीच प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. मग पोचतं काय? ताटाची मांडणी, पळणारं घड्याळ, आणि स्पर्धकाच्या घरची कहाणी.

आधीच सांगतो, मी हे कार्यक्रम आवडीनं बघतो. पुण्यातल्या फ्लॅटवर आम्ही तीन बॅचलर मॅगी खात खात 'हा रिसोटो जरा जास्तच शिजलाय' अशी मतं देत असतो. तेव्हा नाकं मुरडायचा हेतू नाही. फक्त हे इथपर्यंत आलं कसं आणि त्यात आमच्याकडचं काय राहिलं, हा किडा बरेच दिवस डोक्यात होता. आज रविवार आहे, प्रॉडक्शनला काही पेटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

मराठीत पाककृती छापायला लागून दीडशे वर्षं झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. (नाव वाचून तुम्हाला टोमॅटो सूप आठवलं असेल तर लाजू नका, मलाही तेच आठवलं. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाकाचं शास्त्र.) १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आलं, मुंबईच्या पाठारे प्रभू घरातलं. आणि मग १९७० मध्ये किर्लोस्करांकडून कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'.

'रुचिरा'बद्दल थोडं थांबायला हवं. कमलाबाई सांगलीच्या, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी केलं काय, तर घरातली वाटी आणि चमचा हेच माप धरलं. ऐकायला साधं वाटतं, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला याची किंमत लगेच कळेल. तोपर्यंत स्वयंपाक म्हणजे असा कोड होता जो फक्त लिहिणाऱ्याच्याच मशीनवर चालायचा. 'अंदाजानं मीठ', 'बेताचं पाणी'. आता अंदाज कुणाचा आणि बेत कुणाचा? सासू-आई जवळ नसलेली, मुंबई-पुण्याला दोन खोल्यांत संसार मांडलेली मुलगी या अंदाजाचं काय करणार? कमलाबाईंनी तो कोड कुणाच्याही ओट्यावर चालेल असा केला. मराठीतला पहिला सेलिब्रिटी शेफ कोण असं कुणी विचारलं तर माझं मत त्यांनाच. टीव्ही नाही, पांढरा कोट नाही, आणि तरीही परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत गोडा मसाल्याच्या शेजारी त्यांचं पुस्तक.

'रुचिरा' आलं आणि दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा नवी नवरी. दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी. "भाकर थापाया घेतली की फुटायची," एवढंच ती सांगते. दोन्ही गोष्टी एकाच महाराष्ट्रातल्या आणि एकाच काळातल्या, हे मला बरंच मोठं झाल्यावर लक्षात आलं.

पुढचा टप्पा तुम्हाला माहीत आहे. १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'खाना खजाना' आणि संजीव कपूर. (दिग्दर्शक हंसल मेहता, तोच 'स्कॅम १९९२'वाला!) त्याआधी हॉटेलातल्या आचाऱ्याला चेहरा नव्हता, तो भिंतीमागं असायचा. कपूरनं तो बाहेर आणला, हसरा, इस्त्रीच्या कपड्यांतला. पण या माणसाचं काम शिकवणं हे होतं. तो करायचा आणि घराघरांत बायका वही-पेन घेऊन बसायच्या. आईच्या तशा वहीत पनीरच्या चार कृती आहेत. अहमदपुरात तेव्हा पनीर मिळायचं का, हे विचारू नका. मराठीत पुढं 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये प्रशांत दामले आले, तिथं तर गावोगावच्या गृहिणीच स्वयंपाक करायच्या आणि पाहुणा नट नुसता खाऊन कौतुक करायचा. याला कुणी फार ग्रेट म्हणत नाही, पण माझ्या मते तो या सगळ्यातला सर्वात सभ्य कार्यक्रम होता. कुणी हरायचंच नाही.

मास्टरशेफनं हे उलटं केलं. मूळ कार्यक्रम बीबीसीचा, १९९० चा, फ्रँक रॉडम या चित्रपट दिग्दर्शकाच्या डोक्यातला. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियानं त्याला तिखटमीठ लावून भव्य केलं, आणि पुढच्याच वर्षी तो आपल्याकडे आला. आता शेफ शिकवत नव्हता, गुण देत होता. वेळ सुरू, वेळ संपली, हात वर, तुम्ही घरी जा. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलाला यात नवीन काय होतं हो? आमच्याकडं अकरावी-बारावी अशीच असते. कदाचित म्हणूनच मला तो लगेच आवडला असेल. लखनौची शाळेतली शिक्षिका पंकज भदौरिया नोकरी सोडून येते आणि जिंकते, हे बघताना आमच्या घरात टाळ्या पडल्या होत्या. २०२३ मध्ये आसामच्या तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया जिंकला तेव्हाही मला खरोखर आनंद झाला. ज्या भागाचं जेवण उरलेल्या भारताला 'मोमो' या एका शब्दात माहीत होतं (आणि तेही चुकीचं), तिथला मुलगा देशाचा मास्टरशेफ. परीक्षेचा एवढा फायदा असतो, कधीतरी लांबचा मुलगा पहिला येतो.

मग आमचा मराठवाडा कुठाय? हे माझं जुनं दुखणं. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा झाला, मालवणी झालं, विदर्भाला नागपूरचे विष्णु मनोहर मिळाले, ज्यांनी २०१७ मध्ये सलग दोन दिवसांहून जास्त वेळ स्वयंपाक करून दाखवला. आमची येसर आमटी, उकडशेंगोळे, सुशीला, धपाटे मात्र पुण्यातल्या ऑफिसातसुद्धा समजावून सांगावे लागतात. "सुशीला कोण?" हा विनोद मी आत्तापर्यंत किमान वीस वेळा ऐकलाय.

आणि समजा, बोलावलं मास्टरशेफनं मराठवाड्याला, तर काय करून दाखवणार? माझं उत्तर ठरलेलं होतं. येळवसची भज्जी. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमचा अख्खा जिल्हा शेतात असतो. लातूर शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. शेतात कडब्याची कोप करायची, पूजा करायची आणि दिसेल त्याला जेवायला बोलवायचं. ओळख असो-नसो. भज्जीत तुरीचे सोले, वाटाणा, हरभरा, मेथी, कांद्याची पात, चिंच, बेसन, जे जे त्या महिन्यात रानात असतं ते सगळं. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक, आदल्या दिवशीच लावून आंबवलेलं. हे पंचेचाळीस मिनिटांत कसं करणार? आणि पांढऱ्या प्लेटमध्ये मधोमध दोन चमचे भज्जी वाढली तर ती भज्जी राहील का?

मी एकदा इंजिनिअरपणा करून आजीच्या भज्जीची एक्सेल शीट करायला बसलो होतो. कमलाबाईंसारखी, वाटी-चमच्यात. "आजी, बेसन किती?" तर आजी म्हणाली, "माणसं किती?" मी म्हटलं, चार धर. "चार मान्सासाठी कुणी भज्जी करतंय का येड्या?" शीट तिथंच बंद.

इथपर्यंतचा लेख मी चार वर्षांपूर्वीच लिहू शकलो असतो, आणि बरं वाटलं असतं मला. मग हातात शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' पडलं. पाटोळे धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या शेजारचेच. पुस्तक २०१५ चं, विषय मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं अन्न. जेवायच्या आधी म्हणायच्या श्लोकातल्या पूर्णब्रह्माला त्यांनी शीर्षकातच 'अपूर्ण' करून टाकलंय. आत कृती आहेत. चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. रक्ताची लकुटी. वजडी. आणि कोणता पदार्थ कुणाच्या वाट्याला का आला, याचा हिशोब. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा कुठे इंग्रजी पेपरांना ते दिसलं.

२०१५ हे साल तसं मजेशीर आहे. त्याच वर्षी मास्टरशेफ इंडियाचं चौथं पर्व संपूर्ण शाकाहारी होतं. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली (गाईंवरची १९७६ च्या कायद्यानं आधीच होती). यातल्या एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाहीये. पण टीव्हीवर 'भारताची चव' शोधली जात असताना मराठवाड्यातला एक माणूस आपल्या आईच्या चुलीवरचं कागदावर उतरवत होता, आणि त्यातलं किती तरी कुठल्याही पर्वात येणं शक्य नव्हतं.

पुस्तक वाचून मी माझ्या एका मित्राला फोन केला. आमच्याच तालुक्यातला, कॉलेजात माझा रूम पार्टनर, आता हैदराबादला आयटीतच. त्याला माझं ते जुनं दुखणं पाठ आहे. मी म्हटलं, पाटोळे वाचलंस का? तो म्हणाला, "तू नेहमी म्हणतोस ना, आपलं जेवण टीव्हीवर येत नाही? आमच्या घरचं तर डब्यातसुद्धा आलं नाही कधी." चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. दर सुट्टीनंतर माझा धपाट्यांचा डबा दोघं मिळून संपवायचो. तो डबा आणायचाच नाही, आणि मी त्याला कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आळशी आहे.

त्यानंतर येळवसही जरा वेगळी आठवायला लागली. 'दिसेल त्याला बोलवायचं' हे खरंच. पण आमच्या सालगड्याचं घर बांधाच्या पलीकडं बसून जेवायचं, आणि त्यांच्याकडचं काही आमच्या ताटात आल्याचं मला आठवत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते आणायचेच नाहीत." मित्राच्या डब्याबद्दल मी हेच म्हणत होतो.

मागच्या महिन्यात मी मित्राला म्हटलं, तुझ्या आईकडून वजडीची कृती घेऊन दे, मला करून बघायची आहे. त्यानं कॉन्फरन्सवर सरळ आईलाच घेतलं. काकू आधी बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "कशाला पायजे रे बाळा? खाणार हाईस का लिहिणार हाईस?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, काकू, दोन्ही. "बरं," म्हणाल्या, "मग आधी चुना आन्. धुवायलाच निम्मा वेळ जातो. घरात मान्सं किती?"