आलापल्ली परिसरातील घरगुती बतकम्मा : एका सीमावर्ती सणाचा सांस्कृतिक इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सणांचा अभ्यास करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने सार्वजनिक उत्सवांकडे गेलेले दिसते. सार्वजनिक उत्सवांची नोंद वृत्तपत्रांत होते, त्यांना मंडळे असतात, वर्गणीचे हिशेब असतात आणि सभांचे वृत्तांतही असतात. घरात साजरा होणारा सण मात्र यांपैकी काहीच मागे ठेवत नाही. त्याची सजावट दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, त्यातील गाणी तोंडी असतात आणि तो साजरा करणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही दप्तरात आढळत नाहीत. त्यामुळे घरगुती सण हे इतिहासाचे साधन होऊ शकते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आलापल्ली, अहेरी व सिरोंचा या पट्ट्यात नवरात्राच्या काळात साजरा होणारा ‘बतकम्मा’ हा सण या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. फुलांचा मनोरा रचून त्यालाच देवी मानण्याची ही प्रथा मूलतः तेलंगणाची आहे. महाराष्ट्राच्या शासकीय सीमेच्या आत, मराठी शाळा व मराठी कचेऱ्यांच्या प्रदेशात, ती घराघरांतून टिकून राहिली. ती कशी टिकली आणि आज तिच्यापुढे कोणते प्रश्न उभे आहेत, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सीमावर्ती समाजाची भाषा व स्मृती जतन करण्याचे काम येथे संस्थांपेक्षा घराच्या अंगणाने अधिक केले, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रदेशाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

आलापल्ली हे अहेरी तालुक्यातील गाव सागवानाच्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे. वनविभागाचे कार्यालय व लाकूड आगार यांमुळे या गावाला महत्त्व आले. जवळच राखून ठेवलेला जुन्या वृक्षांचा ‘वनवैभव’ हा भाग पुढे राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. चंद्रपूरकडून सिरोंचाकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. भामरागड व एटापल्लीकडील वाटाही येथेच फुटतात. अशा चौरस्त्यावरील गावात माडिया व गोंड, मराठी भाषक आणि तेलुगू भाषक यांचा सहवास घडणे स्वाभाविक होते. ‘पल्ली’ हे ग्रामनामाचे शेवटचे पद दक्षिणेकडील भाषिक संबंधाची साक्ष देते.

या प्रदेशाचा राजकीय इतिहास गुंतागुंतीचा आहे. गोंड जमीनदारांची अहेरी ही चांदा भागातील सर्वांत मोठी जमीनदारी होती. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. सिरोंचाचा मार्ग निराळा आहे. १८६० च्या तहान्वये निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख ब्रिटिशांना दिला. त्यातून अप्पर गोदावरी जिल्हा निर्माण झाला व त्याचे ठाणे सिरोंचा येथे होते. १८७४ मध्ये हा जिल्हा मोडून सिरोंचा तहसील चांदा जिल्ह्यास जोडण्यात आली. पश्चिमेकडील राजुरा तालुका मात्र १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो प्रथम नांदेडला व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २ जून २०१४ रोजी नदीपलीकडे तेलंगण राज्य अस्तित्वात आले.

या घडामोडींमध्ये शासन बदलले, कचेरीची भाषा बदलली, जिल्ह्याचे ठाणे बदलले. प्राणहिता नदी मात्र प्रत्यक्ष जीवनात सीमा म्हणून कधी पूर्णपणे वावरली नाही. नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरीक होत राहिली. लग्न होऊन आलेल्या मुलींनी माहेरची भाषा व माहेरचे सण बरोबर आणले. बतकम्मा हा त्यांपैकी सर्वांत ठळक सण होय.

सणाचा काळ व क्रम

तेलुगू ‘बतुकु’ या शब्दाचा अर्थ ‘जगणे’ असा आहे. त्यामुळे ‘बतकम्मा’ म्हणजे ‘आई, जग’ किंवा ‘जीवन देणारी आई’ असा अर्थ लावला जातो. एका प्रचलित कथेनुसार धर्मांगद नावाच्या राजाचे शंभर पुत्र युद्धात मारले गेले. त्यानंतर राणी सत्यवतीच्या पोटी कन्या जन्मली, तेव्हा ती जगावी म्हणून तिला हे नाव देण्यात आले. कथेची अन्य रूपेही आहेत. तथापि मुलीने जगावे ही इच्छा या कथेच्या केंद्रस्थानी आहे, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

सणाचा आरंभ भाद्रपद अमावास्येस होतो. तेलुगू व मराठी दोन्ही समाज शालिवाहन शकाची अमान्त मासगणना पाळतात. म्हणून मराठी घरातील सर्वपित्री अमावास्या आणि तेलुगू घरातील पहिली बतकम्मा एकाच तिथीस येतात. पितरांचे स्मरण व जीवनदात्रीचे आवाहन यांची ही सांगड लक्षणीय आहे. दुर्गाष्टमीच्या सुमारास सणाची सांगता होते.

प्रत्येक दिवसाला स्वतंत्र नाव असून ते बहुधा नैवेद्यावरून पडले आहे. पहिली ‘एंगिली पूल’ म्हणजे उष्ट्या फुलांची बतकम्मा. आदल्या दिवशी तोडलेली फुले शिळी मानली जातात, असे या नावाचे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरा दिवस पोह्यांचा, तिसरा घट्ट वरणाचा, चौथा भिजवलेल्या तांदळांचा व पाचवा धिरड्यांचा. सहाव्या दिवशी देवी रुसलेली असते, म्हणून त्या दिवशी बतकम्मा रचली जात नाही. सातव्या दिवशी निंबोळीच्या आकाराचे तळलेले पदार्थ, आठव्या दिवशी लोण्याचे गोळे आणि शेवटच्या दिवशी ‘सद्दुला बतकम्मा’ असते. ‘सद्दी’ म्हणजे शिदोरी. या दिवशी दही, चिंच, तीळ, खोबरे व लिंबू घालून केलेल्या भातांचा नैवेद्य होतो व तो सर्वांना वाटला जातो. हे सर्व पदार्थ शेतकरी घरात सहज उपलब्ध असणारे आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

घरगुती मांडणी व सजावट

बतकम्माची मांडणी हा या सणाचा गाभा होय. सकाळी घरातील पुरुष व मुले फुले गोळा करून आणतात. तेलुगूत ‘गुनुगु’ म्हणून ओळखले जाणारे कुरडू, ‘तंगेडू’ म्हणजे तरवड, झेंडू, शेवंती आणि भोपळ्याची फुले यांना विशेष मान असतो. कुरडू ही पावसाळ्यानंतर शेतात व बांधावर आपोआप उगवणारी वनस्पती असून शेतकरी तिला तण समजतो. जे एरवी उपटून टाकायचे, तेच या नऊ दिवसांत देवीचे अंग बनते. तरवडाला पुढे तेलंगणाच्या राज्यफुलाचा मान मिळाला.

दुपारी स्त्रिया मांडणीस बसतात. पितळी ताटात किंवा बांबूच्या टोपलीत प्रथम भोपळ्याची अथवा तत्सम मोठी पाने अंथरली जातात. त्यांवर फुलांचे पहिले, सर्वांत रुंद वर्तुळ रचले जाते. देठ आत व फुले बाहेर असा क्रम ठेवतात. मधली पोकळी चिरलेली पाने व देठ यांनी दाबून भरली जाते. या भरावामुळे मनोऱ्याला आधार मिळतो. त्यावर एकेका रंगाचे वर्तुळ येत जाते व प्रत्येक वर्तुळ खालच्यापेक्षा किंचित लहान असते. कुरडूची पांढुरकी तुरे रंगात बुडवून त्यांचे लाल, जांभळे, हिरवे थर केले जातात. भराव सैल राहिला किंवा एखादे वर्तुळ बाहेर झुकले तर अंगणात नेताना मनोरा ढासळतो. म्हणून हे काम अनुभवी हातांचे असते व लहान मुली जवळ बसून ते शिकतात. शिखरावर भोपळ्याचे फूल किंवा कमळ ठेवून त्यात हळदीची छोटी ‘गौरम्मा’ बसवतात. मोठ्या बतकम्मेशेजारी एक लहान बतकम्माही ठेवण्याची पद्धत आहे.

ही रचना देवघरापुढे ठेवून तिची पूजा होते. संध्याकाळी सडा-रांगोळी केलेल्या अंगणात ती आणली जाते. शेजारच्या घरांतील बतकम्माही तेथे येतात. स्त्रिया त्यांच्याभोवती फेर धरतात, टाळ्यांच्या ठेक्यावर एकजण ओळ म्हणते व इतर जणी ‘उय्यालो’ हे पालुपद उचलतात. अखेर बतकम्मा तळ्यात, ओढ्यात किंवा नदीत विसर्जित होते. गौरम्मेची हळद सुवासिनी एकमेकींना लावतात. या संपूर्ण विधीत पुरोहिताची आवश्यकता नाही, संस्कृत मंत्र अनिवार्य नाहीत व मूर्ती विकत आणावी लागत नाही.

मराठी परंपरेशी साधर्म्य

बतकम्मा मराठी शेजाऱ्यांना परकी वाटली नाही, याचे कारण समान सांस्कृतिक भूमीत शोधावे लागते. विदर्भात भाद्रपदात महालक्ष्मी घरी येतात. कोठे मुखवटे, कोठे खडे, तर कोठे तेरड्याची रोपे गौर म्हणून पूजली जातात. वनस्पतीलाच गौर मानण्याची ही कल्पना आणि फुलांच्या मनोऱ्यावर बसणारी हळदीची गौरम्मा यांत फार अंतर नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भ-खानदेशातील मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात भोंडल्याचा फेर धरला जातो व अखेरीस खिरापत वाटली जाते. तेलंगणात बतकम्मापूर्वी कुमारिका मातीची ‘बोड्डेम्मा’ करून तिच्याभोवती गातात. माती, फेर, सासर-माहेरची गाणी व वाटून खाण्याचा पदार्थ ही चार अंगे दोन्हीकडे समान आहेत.

फरकही नोंदवला पाहिजे. भुलाबाई व भोंडला हे प्रामुख्याने मुलींचे खेळ राहिले, तर बतकम्मात सर्व वयाच्या स्त्रिया सहभागी होतात. माडिया समाजातील ‘पंडुम’ हे सण नव्या पिकाच्या व फळांच्या सेवनाशी जोडलेले आहेत. त्यांची सामाजिक चौकट ग्रामसमूहाची आहे, घराची नाही. त्यामुळे आलापल्लीसारख्या गावातील सर्व परंपरा एकाच साच्यात बसविणे योग्य ठरणार नाही. त्याचप्रमाणे गावातील सर्व जातींच्या स्त्रिया नेहमी एकाच फेरात होत्या, असेही गृहीत धरता येत नाही. तेलंगणातील दलित व स्त्रीवादी अभ्यासकांनी हा प्रश्न उपस्थित केलेला आहे.

भाषा व स्मृती यांचे जतन

अहेरी-सिरोंचा भागातील तेलुगू भाषक घरांतील बहुसंख्य मुले मराठी माध्यमात शिकली. त्यांना तेलुगू बोलता येते, परंतु लिपी वाचता येतेच असे नाही. अशा परिस्थितीत भाषा टिकते ती ज्या प्रसंगी तिला पर्याय नसतो त्या प्रसंगी. बाजारात मराठी चालते, कचेरीत मराठी लागते, पण बतकम्मेच्या फेरात गाणे तेलुगूच म्हणावे लागते. गाण्यांतून नातेसंबंधांची नावे, धान्ये, दागिने, पुराणकथा व माहेरच्या वाटेचे वर्णन पुढील पिढीकडे जाते. या अर्थाने बतकम्मा ही सीमेअलीकडील तेलुगूची अनौपचारिक शाळाच होती आणि तिच्या शिक्षिका बहुधा निरक्षर आज्या होत्या.

गाणे आणि मांडणी यांचा परस्परसंबंध येथे महत्त्वाचा आहे. फुले निवडणे, रंगवणे व रचणे यांत दुपारचे दोन-तीन तास जातात. मुलगी फेरात उभी राहण्यापूर्वी या बैठकीतच गाणे ऐकते. म्हणून मांडणी घरातून गेली की गाणे शिकण्याची जागाही जाते.

समकालीन परिवर्तन

तेलंगण राज्याच्या चळवळीत बतकम्मा प्रादेशिक अस्मितेचे प्रतीक बनली व २०१४ मध्ये तिला राज्य उत्सवाचा दर्जा मिळाला. त्याचा प्रभाव सीमेअलीकडेही पडणे अपरिहार्य होते. सणाला प्रतिष्ठा लाभली, पूर्वी संकोचाने बोलली जाणारी भाषा उघडपणे गायली जाऊ लागली, ही इष्ट बाब होय. परंतु त्याचबरोबर सण अंगणातून मैदानाकडे सरकला. ध्वनिमुद्रित गाण्यावर फेर धरला की ओळ सांगणारी स्त्री अनावश्यक ठरते. स्पर्धेसाठी मनोऱ्याची उंची वाढते व कागदी किंवा प्लॅस्टिकची फुले त्यात शिरतात. तणनाशकांच्या वाढत्या वापरामुळे बांधावरील कुरडूसारख्या वनस्पतींवरही परिणाम होतो.

राज्यसीमा १८६० पासून अनेकदा बदलल्या, तरी सण टिकला. आजचा धोका सीमेचा नसून घरातील मांडणीच्या ऱ्हासाचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. आलापल्ली-अहेरी-सिरोंचा परिसरातील बतकम्मा हा सण प्रशासकीय सीमा व सांस्कृतिक सीमा भिन्न असतात, याचा सबळ पुरावा आहे.

२. पुरोहित, मूर्ती व ग्रंथ यांवर अवलंबून नसल्यामुळे, तसेच परिसरातील फुले व घरातील धान्य यांवर आधारलेला असल्यामुळे हा सण राज्याश्रयाशिवाय टिकला.

३. घरातील सजावट हे केवळ सौंदर्यप्रसाधन नसून भाषा व कौशल्य यांच्या हस्तांतरणाची प्रक्रिया आहे.

४. या परिसरातील महाविद्यालयांनी इतिहास, मराठी, समाजशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांच्या सहकार्याने बतकम्मेच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण, देवनागरीत लिप्यंतर व वापरल्या जाणाऱ्या फुलांची नोंद हाती घेणे आवश्यक आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक विद्यार्थिनींच्या घरीच हे साधन उपलब्ध आहे.

दप्तरखान्यातील कागद शंभर वर्षांनीही वाचता येतो. आजीला पाठ असलेले गाणे मात्र ती असेपर्यंतच ऐकता येते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या दोन साधनांपैकी कोणत्या साधनाकडे प्रथम वळावे, याचे उत्तर या फरकातच आहे.