हत्तीवरून वाघाचा फोटो निघतो, मग पायी का नाही? जाणून घ्या

नागभीड : मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना किंवा धानाच्या बांधीत वाघ दिसला की अनेकांचा हात आधी मोबाइलकडे जातो. हत्तीवर बसून अगदी जवळून काढलेले वाघाचे फोटो पाहिले, की आपल्यालाही तसा फोटो जमेल असे वाटते. पण ती सगळी करामत हत्तीची असते, माणसाची नाही.

हत्ती जवळ आला तरी वाघ का बसून राहतो?
हत्ती वाघाची शिकार करत नाही आणि मोठ्या हत्तीच्या वाटेला वाघ सहसा जात नाही. पाठीवरचा माणूस वाघाला हत्तीपासून वेगळा वाटत नाही, असे मानले जाते. उंचीमुळे गवत आड येत नाही. तरी हत्तीच्या श्वासाने, कान हलवण्याने पाठ हलत राहते. म्हणून माहुताने हत्ती थांबवल्यावर, शटरचा वेग वाढवूनच फोटो घ्यावा लागतो.

सुरुवात कुठून झाली?
वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडच्या जंगलात हत्तीवरून वाघांचे फोटो काढले. रात्रीसाठी ते वाटेवर तार लावत; वाघाचा पाय लागला की फ्लॅश पडून फोटो निघे. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये आले. पुढे मध्य प्रदेशातील कान्हा, बांधवगडमध्ये पर्यटकांना हत्तीवरून वाघ दाखवला जाई. ताडोब्यात वन विभागाचे हत्ती गस्तीसाठी वापरले गेले.

हे सगळे शिकवलेले हत्ती. २०२१ पासून गडचिरोलीत आलेला कळप रानटी आहे. त्याच्या जवळ जाणे वाघाइतकेच धोक्याचे.

आता फोटो कॅमेरा ट्रॅप काढतो
चॅम्पियन यांच्या तारेचेच हे नवे रूप. वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघांचा अंदाज निघाला, तो मुख्यतः अशाच फोटोंवरून. गावाजवळ हल्ला झाला तर नेमका वाघ कोणता, हेही यातूनच शोधतात. म्हणून झाडाला बांधलेला कॅमेरा कुणी काढू नये, फोडू नये. त्यात गावाचाच तोटा आहे.

वाघ दिसला तर काय करावे?
- पळू नये, वाकू नये. वाघाकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे.
- व्हिडिओसाठी गर्दी करून वाघाला घेरू नये. वेढलेल्या वाघाला पळायला वाट उरत नाही, मग तो अंगावर येतो.
- वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वाघाला हाकणे, आमिष दाखवणे हेसुद्धा 'शिकार' या व्याख्येत येते.
- वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर लगेच कळवावे.

घोडाझरी अभयारण्याच्या या तालुक्यात वाघ दिसतच राहणार. मोबाइल हातात घ्यायचाच, तर आधी सुरक्षित जागी यावे आणि तो फोटोसाठी नाही, फोन लावण्यासाठी घ्यावा.