वॉर्सा : चित्रांवरून पुन्हा उभारलेली राजधानी

पोलंडची राजधानी वॉर्सा विस्तुला नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली असून तिचे जुने नगर पश्चिम तीरावरील उंचवट्यावर आहे. लाल कौलांची उतरती छपरे, पिवळसर आणि गुलाबी रंगांची चिंचोळी घरे आणि मधोमध ढाल-तलवार घेतलेल्या जलपरीचा पुतळा असा तेथील बाजारचौक पाहिला की ही घरे तीन-चारशे वर्षांची असावीत, असा कोणाचाही समज होतो. प्रत्यक्षात चौकाभोवतीच्या बहुतेक भिंती १९४९ ते १९५३ या काळात बांधलेल्या आहेत. हे ठाऊक नसले तरी वॉर्सा सुंदरच दिसते. परंतु हे ठाऊक असणाऱ्याला या शहरात पाहण्यासारखे पुष्कळ अधिक आहे.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सातील भूमिगत पोलिश सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. त्यात दीड लाखाहून अधिक नागरिक मारले गेल्याचे मानले जाते. उठाव मोडल्यावर उरलेल्या रहिवाशांना शहराबाहेर काढण्यात आले आणि जर्मन पथकांनी रिकामे शहर पद्धतशीरपणे जाळण्याचे व सुरुंगाने उडवण्याचे काम हाती घेतले. जुन्या नगराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. युद्धानंतर राजधानी दुसरीकडे हलवावी, असाही विचार पुढे आला होता. अखेरीस शहर त्याच जागी पुन्हा बांधण्याचे ठरले. जुने नगर तर पूर्वीच्याच रूपात उभारायचे होते.

या कामी अठराव्या शतकातील एका चित्रकाराची मदत झाली. बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसच्या प्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा होता. तो मामाचेच नाव लावीत असे. पोलंडचा अखेरचा राजा स्तानिस्वाव ऑगस्ट पोनियातोव्स्की याच्या दरबारात त्याने अखेरची वर्षे काढली आणि १७८० मध्ये वॉर्सातच त्याचे निधन झाले. त्याने रंगवलेल्या शहराच्या वीसहून अधिक दृश्यांत खिडक्यांच्या चौकटी आणि दर्शनी भागावरील नक्षी इतक्या बारकाईने टिपलेली आहे की पुनर्बांधणी करणाऱ्यांना ती उपयोगी पडली. चित्रांच्या जोडीला वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी केलेली इमारतींची मोजमापे व आराखडे होते. हे कागद जर्मन अंमलात गुपचूप शहराबाहेर नेऊन एका मठात दडवून ठेवण्यात आले होते.

तरीही नवे जुने नगर ही पूर्वीची हुबेहूब प्रतिकृती नाही. चित्रकाराने काही ठिकाणी वास्तवापेक्षा सौंदर्याला झुकते माप दिले होते. पुनर्बांधणी करणाऱ्यांनीही एकोणिसाव्या शतकातील भर वगळून त्याआधीचे रूप पसंत केले. घरांच्या आत आधुनिक सदनिका बांधल्या गेल्या आणि दर्शनी भिंतींवर १९५० च्या दशकातील कलावंतांनी नवी चित्रे कोरली. नगराच्या वेशीवरील बार्बिकन हा अर्धगोल बुरूज बांधताना व्रोत्स्वाफ आणि निसा येथील पाडलेल्या ऐतिहासिक इमारतींच्या विटा आणल्या गेल्या. ही दोन्ही शहरे युद्धापूर्वी जर्मनीत होती. एका शहराचे हरवलेले जुनेपण दुसऱ्या शहरांच्या विटांनी भरून निघाले, ही गोष्ट बुरुजाखालून जाणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानात येते. १९८० मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला तो इमारतींच्या वयासाठी नव्हता. पुनर्बांधणीचे हे कार्यच वारसा म्हणून मान्य झाले.

जुन्या नगराच्या दक्षिण तोंडाशी राजवाडा आहे. १९४४ मध्ये तो सुरुंगाने उद्ध्वस्त करण्यात आला आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्याची जागा मोकळीच राहिली. साम्यवादी राजवटीने पुनर्बांधणीला १९७१ मध्ये मान्यता दिली, त्यानंतर लोकवर्गणी सुरू झाली आणि १९८४ मध्ये वाडा जनतेसाठी खुला झाला. १७ सप्टेंबर १९३९ रोजी बाँबहल्ल्यात मनोऱ्यावरील घड्याळ ११ वाजून १५ मिनिटांनी बंद पडले होते. १९७४ मध्ये नवे घड्याळ त्याच वेळेला सुरू करण्यात आले. ३ मे १७९१ चे पोलंडचे संविधान याच वाड्यात संमत झाले. बेलोत्तोची वॉर्साची चित्रे येथील एका स्वतंत्र दालनात आहेत. दालन पाहून मग रस्त्यावर उतरणे हा क्रम उत्तम, कारण मगाशी चित्रात पाहिलेले तेच कोपरे समोर दिसू लागतात. रेम्ब्रांटची १६४१ मधील दोन चित्रेही याच वाड्यात आहेत. वाड्यासमोरचा झिग्मुंट तिसरा याचा स्तंभ मूळचा १६४४ चा आहे. राजधानी क्राकुव्हहून वॉर्साला आणणारा हाच राजा. १९४४ मध्ये पाडलेल्या स्तंभाचे तुकडे वाड्याच्या बाजूला आजही आडवे पडलेले आहेत. शहराने काही जखमा मुद्दाम उघड्या ठेवल्या, त्यांतील ही एक.

येथून दक्षिणेकडे जाणारा राजमार्ग विद्यापीठ आणि थोरवाल्सनने घडवलेला कोपर्निकसचा पुतळा यांच्यावरून जातो. वाटेतील पवित्र क्रूस चर्चमध्ये संगीतकार फ्रेडरिक शोपँ याचे हृदय एका खांबात जतन केलेले आहे. १८३० मध्ये वॉर्सा सोडलेला शोपँ पुन्हा मायदेशी आला नाही. १८४९ मध्ये पॅरिस येथे त्याचे निधन झाल्यावर त्याच्या बहिणीने हे हृदय वॉर्साला आणले. त्याच मार्गावर पुढे वाझिएन्की उद्यान असून त्यातील तळ्यामधला राजप्रासाद प्रसिद्ध आहे. उद्यानातील शोपँचा पुतळा १९४० मध्ये जर्मनांनी फोडला होता. १९५८ मध्ये तो पुन्हा उभारण्यात आला. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर रविवारी दोन वेळा त्याच्या पायथ्याशी पियानोवादन होते. हिरवळीवर बसून ते विनाशुल्क ऐकता येते. राजमार्गाच्या टोकाला विलानूव येथे राजा यान सोबिएस्की याचा सतराव्या शतकातील प्रासाद आहे. शास्त्रज्ञ मेरी क्यूरी यांचा जन्म १८६७ मध्ये ज्या फ्रेता मार्गावर झाला, तो मात्र विरुद्ध दिशेला, बार्बिकनपलीकडे आहे.

जुने नगर पुन्हा बांधले गेले; ज्यू लोकांची वस्ती बांधली गेली नाही. नाझींनी १९४० मध्ये चार लाखांहून अधिक ज्यूंना भिंतीआड कोंडले. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतील अडीच लाखांहून अधिक लोकांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत धाडण्यात आले. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी उठाव केला आणि तो चिरडताना सारी वस्ती भुईसपाट झाली. युद्धानंतर त्या ढिगाऱ्यांवरच मुरानूव हा नवा निवासी भाग उभा राहिला. तेथील अनेक इमारती रस्त्यापेक्षा उंचावर दिसतात त्या खालच्या विटामातीच्या थरामुळे. तेथेच १९४८ मधील स्मारक आहे. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट याच स्मारकापुढे गुडघे टेकून बसले होते. त्यासमोरचे पोलिन संग्रहालय पोलंडमधील ज्यूंचा सुमारे हजार वर्षांचा इतिहास सांगते. ज्या वस्तीचे रूप रंगवणारा बेलोत्तो नव्हता आणि जिच्याकडे परतणारे रहिवासीही उरले नाहीत, तिच्यासाठी संग्रहालय हाच मार्ग शिल्लक होता.

१९४४ च्या उठावाचे संग्रहालय ट्रामच्या जुन्या वीजकेंद्रात असून ते २००४ मध्ये सुरू झाले. १ ऑगस्टला वॉर्सात असणाऱ्या प्रवाशाने सायंकाळी पाच वाजता रस्त्यावर असावे. भोंगे वाजतात, वाहने थांबतात आणि चालणारी माणसे जागच्या जागी उभी राहतात. मध्यवस्तीतील २३७ मीटर उंचीचा संस्कृती व विज्ञान प्रासाद ही सोव्हिएत संघाची १९५५ मधील भेट. तिच्याविषयीची नागरिकांची नाराजी एका जुन्या विनोदात मुरलेली आहे : शहराचे सर्वोत्तम दृश्य याच्या गच्चीवरूनच दिसते, कारण तेथून हा प्रासाद दिसत नाही. गच्ची तिसाव्या मजल्यावर आहे.

भारतीय प्रवाशाच्या वाटेवर आणखी दोन ठिकाणे यावीत. ओखोता भागातील ‘भल्या महाराजांचा चौक’ नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांच्या नावाचा आहे. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या शेकडो पोलिश मुलांना त्यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे आसरा दिला. दुसरे ठिकाण माँते कासिनो लढाईच्या स्मारकाजवळ आहे. तेथील फलक कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीची स्मृती जपतो. १९४३ ते १९४८ या काळात या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. छावणीची जागा आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२४ मधील दौऱ्यात या दोन्ही ठिकाणी आदरांजली वाहिली.

पोलंड शेंगेन क्षेत्रात मोडतो; चलन मात्र युरो नसून झ्लॉटी आहे. राजवाडा साधारणतः सोमवारी, तर उठावाचे संग्रहालय आणि पोलिन मंगळवारी बंद असतात. जुने नगर, राजमार्गाचा आरंभ आणि चर्च ही सारी पायी फिरण्याजोगी असून वाझिएन्की व विलानूवसाठी बस सोयीची पडते.