यमुनेने ऐकलेल्या हकिगती

पनवेलच्या आमच्या वाड्यात एक सोवळ्या आत्याबाई होत्या. डोईवरून ओढलेले लाल आलवण, कायम पाठमोऱ्या. त्यांची हकिगत आम्ही कधी विचारली नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ वाचताना त्या आठवल्या.

हे पुस्तक १८५७चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतात. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले होते. यमुना पती विनायकासह प्रवासाला निघते. वाटेत विधवा भेटतात, प्रत्येकीची एक छोटी गोष्ट. सुट्या छापल्या असत्या तर त्या बोधकथाच राहिल्या असत्या. ऐकणारी एकच आहे, म्हणून त्यांची कादंबरी झाली. पुढे विनायक मरतो आणि जे ऐकले ते यमुनेच्याच वाट्याला येते.

शेवटी ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. इथे लेखकाने घाई केली, असे मला वाटते. श्रद्धा मिळते, पण शोक पुरता होत नाही. तरी त्या बायका बोलतात, हे थोडेथोडके नव्हे.

आत्याबाई गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक फुलपात्र निघाले. त्यावर नवऱ्याचे नाव कोरलेले होते. ते आम्ही तेव्हा पहिल्यांदा वाचले.