पँथरची डरकाळी आठवते, कायद्याचे पुस्तक का विसरलो?



"ती वस्ती धोक्याची आहे, रात्री तिकडे जाऊ नकोस." आमच्या वस्त्यांबद्दल हे वाक्य ऐकतच आम्ही वाढलो. पण धोका कोणाला आणि कोणापासून? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात १० माणसे मारली गेली, ती राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी. बदनाम मात्र वस्तीच होते.

हाच अनुभव अमेरिकेतील ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांचा होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तिथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. त्यांचे पहिले काम होते गस्त. पोलिसांनी कोणाला अडवले की पँथर तिथे थांबत, कायद्याने ठरलेले अंतर राखून पाहत आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगत. हातात बंदूक असे आणि सोबत कायद्याचे पुस्तक. बंदुकीचे काय झाले? १९६७ मध्येच मलफर्ड कायदा करून भरलेली शस्त्रे उघडपणे बाळगण्यावर बंदी आली. कायद्याच्या ज्ञानावर मात्र बंदी घालता आली नाही. शाळेजवळच्या धोकादायक चौकात हेच तरुण वाहने थांबवून मुलांना रस्ता ओलांडून देत. त्याच वर्षी तिथे सिग्नल बसला.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने हे नाव घेतले. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळी पेटल्या. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव शहीद झाले. हे बलिदान आम्ही विसरणार नाही. पण पँथर म्हटले की आम्हाला घोषणाच आठवतात, पुस्तक आठवत नाही, ही आमची चूक आहे.

खरे तर आमचे पुस्तक जुने आणि भक्कम आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत जी तरतूद मांडली, तीच आजचे कलम २२. अटकेचे कारण समजण्याचा हक्क, आपल्या पसंतीचा वकील आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजेरी! १९९६ च्या डी. के. बसू निकालाने त्यात भर घातली: अटकेच्या मेमोवर साक्षीदाराची सही हवी, घरच्यांना कळवले पाहिजे.

वस्तीतल्या किती पोरांना हे पाठ आहे? जयंतीच्या डीजेला वर्गणी गोळा होते, मग वस्तीसाठी एक वकील ठरवायला का होत नाही? रात्री पोराला उचलले तर पोलीस ठाण्यात कोण जाणार, हे आधीच ठरलेले हवे. एकट्याने जायचे नाही, चार जणांनी जायचे. वेळ आणि अधिकाऱ्याचे नाव वहीत लिहून घ्यायचे.

एकट्याची हुशारी एकट्यालाच वाचवते, तीही एखाद्या वेळी. वस्ती वाचते ती संघटनेने. येत्या रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की कलम २२ मोठ्याने वाचा. सुरुवात तिथूनच करू.

जय भीम! जय संविधान!