'ला पाचे सीआ कोन तुत्ती वोई' : एका इटालियन वाक्याची ओळख

८ मे २०२५ रोजी संत पीटर महामंदिराच्या सज्जातून नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे यांनी पहिले वाक्य उच्चारले : 'ला पाचे सीआ कोन तुत्ती वोई!' म्हणजे, 'तुम्हां सर्वांबरोबर शांती असो!' पोपमहोदयांचा जन्म शिकागोचा, मातृभाषा इंग्रजी. परंतु रोमचे बिशप या नात्याने त्यांनी रोमवासीयांच्या भाषेत अभिवादन केले. वाक्य अवघे सहा शब्दांचे आहे.

'ला' हे उपपद. मराठीत उपपद नसल्याने भाषांतरात ते गळते. त्यावरून 'ती विशिष्ट शांती' असा अर्थ काढण्याचा मोह होतो. पण इटालियनमध्ये भाववाचक नामापूर्वी उपपद सहसा येतेच. तेवढ्यावर प्रवचन उभारू नये, असे आम्हांस वाटते. 'पाचे' हे लॅटिन 'पाक्स'वरून आलेले स्त्रीलिंगी नाम. त्यासाठी 'शांती' हाच शब्द योग्य. 'शांतता राखा' ही तर रुग्णालयातील पाटी झाली.

वाक्याचा प्राण 'सीआ' या क्रियापदात आहे. 'ए' म्हणजे 'आहे'. 'सीआ' म्हणजे 'असो'. पहिल्याने माहिती दिली जाते, दुसऱ्याने आशीर्वाद. येथे कोणी 'आहे' असे भाषांतर केले, तर ज्याच्या घरी कालच मयत झाली आहे त्याला ते खोटे वाटेल. 'असावी' म्हटले की शंका डोकावते. 'असो' मात्र त्या दुःखी माणसालाही म्हणता येते. (विषय आवरता घेताना आपण 'असो' म्हणतो तो हाच शब्द, थोडा थकलेला.)

'कोन' म्हणजे 'बरोबर'. मूळ लॅटिन अभिवादन 'पाक्स वोबिस'. त्यात क्रियापद नाही, आणि 'वोबिस' ही 'तुम्हांस' अशी चतुर्थी. इटालियन नामांच्या विभक्ती झिजल्या, म्हणून तेथे शब्दयोगी शब्दाचा आधार घ्यावा लागतो. आपल्या मराठवाड्यात, चाकूरसारख्या गावी, मुस्लिम बांधवांच्या तोंडचे 'अस्सलामु अलैकुम' सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातही क्रियापद नाही, आणि 'अलैकुम' म्हणजे 'तुम्हांवर'. शांती एकीकडे दिली जाते, दुसरीकडे सोबत चालते, तिसरीकडे वरून उतरते.

हे पुनरुत्थित ख्रिस्ताचे पहिले अभिवादन आहे, असे पोपमहोदयांनी लगेच पुढे सांगितले. मिस्साबलिदानाच्या आरंभी बिशप याच अभिवादनाने भाविकांना उद्देशतात. पोपमहोदयांनी त्यात 'तुत्ती', म्हणजे 'सर्व', हा शब्द घातला. इटालियनमध्ये 'वोई' हे अनेकांसाठी. एकाच व्यक्तीला आदराने बोलायचे तर 'लेई' वापरतात. आपले 'तुम्ही' मात्र दोन्ही कामे करते. म्हणून मराठीत 'सर्व' गाळल्यास हे अभिवादन चौकातील हजारोंऐवजी समोरच्या एकाच वडीलधाऱ्याला केल्यासारखे ऐकू येईल.